निलंग्यात सावली मोजली

लातूरहून निलंग्याला जाणारी एस.टी. औसा, लामजना करीत जाते. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. दोन्ही बाजूंना काळी रानं, पावसाळ्यात सोयाबीन-तूर, हिवाळ्यात हरभरा. लामजन्याहून किल्लारीकडे रस्ता फुटतो. खरोशाच्या डोंगरातली लेणीही याच भागात आहेत, सहाव्या शतकाच्या सुमाराची. १९५६ पर्यंत निलंगा तालुका बीदर जिल्ह्यात होता, मग तो उस्मानाबादकडे आला आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाल्यावर लातूरकडे. नीळकंठेश्वराचे जुने दगडी मंदिर, १९८५-८६ साली मुख्यमंत्री झालेले शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि सकाळच्या गाड्यावरचा तिखटजाळ निलंगा राईस, एवढ्यावर बाहेरचा माणूस या गावाला ओळखतो.

त्यात मी आणखी एका गोष्टीची भर घालू इच्छितो. निलंगा साधारण १८ अंश अक्षांशावर आणि पावणेसत्त्याहत्तर अंश रेखांशावर आहे. हा आकडा वाचून वाचक म्हणतील, त्यात काय विशेष? विशेष आहे, आणि तेच सांगण्यासाठी हा लेख.

मी लातूरला कारकुनी करतो, शिक्षण बी.कॉम. माझी थोरली बहीण निलंग्याला दिलेली आहे. भावजी गवंडीकाम करतात. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. एकदा बोलता बोलता ती म्हणाली, "मामा, आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा हाय, पण ती सायन्सवाल्यांची. आम्ही नुसतं दारातून बघतो." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. जसे काही हे असेच असायचे, असा सूर होता, आणि मला तोच सूर लागला.

लातूर जिल्ह्यात शिक्षणाची कीर्ती मोठी आहे. लातूर पॅटर्नचे नाव राज्यभर झाले. पण पॅटर्न कोणासाठी? ज्याला अकरावी-बारावीच्या शिकवणीची फी झेपते त्याच्यासाठी. आपल्या वस्तीतला हमाल, गवंडी, सफाई कामगार, अंगणवाडीची मदतनीस यांची बहुतेक पोरे कला आणि वाणिज्य शाखेत जातात. तिथे प्रवेश मिळतो, शिष्यवृत्ती मिळते, पदवी मिळते. मात्र दहावीनंतर त्या पोराच्या हातात पुन्हा कधी मोजपट्टी येत नाही. विज्ञान हे हुशारांचे, आपले नव्हे, ही गोष्ट त्याच्या मनात कायमची बसते. माझ्याही बसली होती. ती उठली कशी, तेही सांगतो.

२०१२ साली ६ जूनला शुक्राचे अधिक्रमण झाले. शुक्र सूर्याच्या तबकडीवरून काळ्या ठिपक्यासारखा सरकत गेला. मी त्या वेळी मुंबईला नातेवाइकांकडे होतो. चाळीतल्या एका कार्यकर्त्याने साध्या चेंडूला आरशाचा तुकडा चिकटवला होता आणि त्या आरशाने सूर्याचे प्रतिबिंब अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर पाडून दाखवले. ही युक्ती मुंबईच्या नवनिर्मिती संस्थेने पसरवलेली. ती उभी करणारे डॉ. विवेक माँटेरो हे भौतिकशास्त्राचे पीएच.डी. आणि आयुष्यभर कामगार संघटनेचे काम करणारे. दुर्बीण नसताना भरदिवसा खगोलशास्त्र शिकवता येते, हे त्यांच्या मंडळींनी शाळा-शाळांतून दाखवले. अमेरिकेत अनेक कॉलेजांतून कला-वाणिज्याच्या मुलांनाही एखादा विज्ञान विषय प्रयोगासह घ्यावा लागतो, आणि त्यात आकाशाचा विषय फार आवडीचा. आपल्याकडे असे काही नव्हते. मग आपणच का करू नये?

दिवस ठरवला २० मार्च २०२२. रविवार होता. २० मार्च ही तारीख या पानाच्या वाचकांना सांगावी लागत नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले तो हा दिवस. आणि सूर्य बरोबर विषुववृत्तावर येतो, दिवस-रात्र सारखी होतात, तोही हाच सुमार. सकाळी वस्तीतल्या विहारात अभिवादन झाले, आणि नंतर अंगणात आम्ही काठी रोवली.

मुले अकरा जमली. सात मुली, चार मुलगे. सगळी बी.ए. आणि बी.कॉम.ची, एक आय.टी.आय.चा. साहित्य म्हणजे एक मीटर लांबीची सरळ काठी, ओळंबा (तो भावजींचाच), खडू, दोरा, आलेखाची वही, कंपासपेटीतला कोनमापक, आरशाचा तुकडा आणि एक रबरी चेंडू. सगळा खर्च १८५ रुपये. पावत्या मी जपून ठेवल्या आहेत, सवयच ती.

सकाळी दहापासून दर पंधरा मिनिटांनी काठीच्या सावलीच्या टोकाशी खडूचा ठिपका मारायचा, एवढेच काम. पहिल्या तासात पोरांना कंटाळा आला. अकरानंतर त्यांच्या लक्षात आले की ठिपके एका सरळ रेषेत चालले आहेत. एरवी वर्षभर ही रेषा वाकडी, कमानीसारखी पडते. फक्त या दिवसांत ती सरळ पडते आणि थेट पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. भावजी शेजारी उभे राहून पाहत होते. दोरी लावून घराचा पाया आखण्यात त्यांचे आयुष्य गेले. ते म्हणाले, "म्हंजी होकायंत्र नको, काठी पुरे." त्यांनी ओळंबा लावून काठी पुन्हा एकदा सरळ केली आणि मग ते तिथून हललेच नाहीत.

बारा वाजले. पोरे म्हणाली, आता सावली सगळ्यांत लहान झाली, मोजू या. मी म्हटले, थांबा. साडेबारापर्यंत सावली लहान लहान होत गेली, मग वाढू लागली. म्हणजे निलंग्यात त्या दिवशी सूर्य माथ्याच्या रेषेवर आला तो साडेबाराला. मग घड्याळात बारा का वाजतात? कारण आपले घड्याळ निलंग्याचे नाही. सगळ्या भारताचे घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखेवर लावलेले आहे. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. निलंगा त्या रेखेच्या पावणेसहा अंश पश्चिमेला, म्हणून तेवीस मिनिटे उशीर. उरलेली सातेक मिनिटे पृथ्वी वर्षभर सारख्या वेगाने सूर्याभोवती फिरत नाही आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे पडणारा फरक. बी.कॉम.च्या पोराने हा हिशेब बोटांवर केला. त्याला त्रैराशिक येत होते. प्रयोगशाळेत लागते ते गणित बहुतेक वेळा एवढेच असते, फक्त हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

आता अक्षांश-रेखांशाचा मुद्दा. निलंगा आणि दिल्ली जवळपास एकाच उभ्या रेषेवर आहेत. दिल्लीचे रेखांश सव्वासत्त्याहत्तरच्या आसपास. वस्तीतला एक मुलगा सुरक्षा दलात आहे आणि त्या वेळी दिल्लीत होता. त्याला आधी फोन करून सांगितले होते की एक मीटरची काठी गच्चीवर सरळ उभी कर आणि साडेबाराच्या सुमारास सर्वांत लहान सावली मोज. पावणेएकला त्याचा फोन आला. "जयभीम मामा. चोपन्न सेंटिमीटर." आमची सावली होती तेहेतीस.

एकच सूर्य, एकच वेळ, सारखीच काठी, मग दिल्लीची सावली एकवीस सेंटिमीटर जास्त का? जमीन सपाट असती आणि सूर्य फार दूर असता तर दोन्ही सावल्या सारख्या पडायला हव्या होत्या. पोरांनी आलेखाच्या वहीत दोन त्रिकोण काढले. एकात उभी बाजू १०० आणि आडवी ३३, दुसऱ्यात उभी १०० आणि आडवी ५४. कोनमापकाने कोन मोजले, १८ अंश आणि २८ अंश. फरक १० अंश. संपूर्ण वर्तुळ ३६० अंशांचे, म्हणजे निलंगा ते दिल्ली हा पृथ्वीच्या घेराचा छत्तिसावा भाग. नकाशावर पट्टी ठेवून सरळ अंतर काढले ते ११६० किलोमीटर. गुणिले छत्तीस, ४१,७६० किलोमीटर.

पुस्तकातला आकडा चाळीस हजार. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये इरॅटोस्थेनीस या विद्वानाने याच रीतीने पृथ्वीचा घेर काढला होता. आमचा आकडा साडेचार टक्क्यांच्या आत बसला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, पण माझी भाची वहीतच बघत होती. ती म्हणाली, "मामा, कंपासपेटीतल्या कोनमापकावर अर्धा अंश नीट दिसतच नाही. दहात अर्धा चुकला तर पाच टक्के तिथंच गेले." मग दुसरीने सांगितले की सावलीचे टोक पुसट असते, नक्की कुठे संपते कळत नाही. सूर्य ठिपका नाही, तबकडी आहे, म्हणून तसे होते. अर्धा तास पोरे चुकीवरच बोलत होती. घेर किती आला यापेक्षा मला तो अर्धा तास मोलाचा वाटला. किती चुकले, का चुकले, पुढच्या वेळी कमी कसे चुकेल, हे स्वतः ठरवणे म्हणजेच प्रयोग. पाठ करून ते येत नाही.

दुपारी चेंडूवरचा आरसा गल्लीत ठेवला आणि विहाराच्या खोलीत सोळा मीटर अंतरावर पडदा धरला. सूर्याचे चित्र पंधरा सेंटिमीटर रुंदीचे आले. सोळाशे सेंटिमीटरला पंधरा, तर पंधरा कोटी किलोमीटरला किती? चौदा लाख किलोमीटरच्या जवळपास. सूर्याचा व्यास तेवढाच आहे. थेट सूर्याकडे मात्र कोणी पाहायचे नाही, दुर्बिणीतून तर मुळीच नाही. डोळा जातो तो परत येत नाही.

या ठिकाणी एका बाईची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. विल्यमिना फ्लेमिंग, स्कॉटलंडमधल्या डंडीची, जन्म १८५७. अमेरिकेत आल्यावर नवऱ्याने टाकली, पोटात मूल. बॉस्टनला एडवर्ड पिकरिंग यांच्या घरी ती मोलकरीण म्हणून राहिली. पिकरिंग हार्वर्ड वेधशाळेचे संचालक. १८८१ साली त्यांनी तिला वेधशाळेत हिशेब आणि नोंदीच्या कामावर घेतले. आकाशाच्या काचेच्या फोटोपट्ट्या भिंगाने तपासत बसायचे, असे ते काम. तिने दहा हजारांवर ताऱ्यांची वर्गवारी केली. मृग नक्षत्रातला घोड्याच्या डोक्यासारखा दिसणारा काळा मेघ १८८८ साली तिनेच फोटोत प्रथम हेरला. तिच्या रोजनिशीत पगाराची नोंद आहे, तिला वर्षाला १,५०० डॉलर आणि पुरुष सहायकांना २,५००. ज्या मुलींच्या आया आज दुसऱ्यांची भांडी घासतात त्यांना ही गोष्ट सांगावी, आणि पगाराच्या आकड्यासकट सांगावी.

अंधार पडल्यावर आम्ही गावाबाहेर एका ओळखीच्या माणसाच्या रानात गेलो. पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते, चंद्र साडेआठच्या सुमारास उगवणार होता. पाऊण तास अंधार मिळाला, तेवढा पुरला. हात ताठ समोर धरून मूठ वळली की ती आकाशात दहा अंश व्यापते. मधली तीन बोटे पाच अंश, करंगळी एक अंश. लहान मुलाची मूठ लहान आणि हातही आखूड, म्हणून हिशेब सगळ्यांना सारखाच लागू पडतो. ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर आहे ते मोजले. दोन मुठींना थोडा कमी, म्हणजे अठरा. तोच आमचा अक्षांश. दुपारी काठीने जो आकडा दिला तोच रात्री मुठीने दिला. आणि दक्षिणेला अगस्तीचा तारा, तोही त्या वेळी जवळपास तेवढाच वर. एका बाजूला ध्रुव, दुसऱ्या बाजूला अगस्ती, दोघे समान उंचीवर. दिल्लीच्या मुलाला फोन लावला. त्याच्याकडे ध्रुव तीन मुठींना थोडा कमी, आणि अगस्ती इमारतींच्या मागे, दिसतच नव्हता. एका मुलीने लगेच ओळखले, "तिकडं उत्तर वर आली तेवढी दक्षिण खाली गेली." पृथ्वी गोल असल्याचा हा दुसरा पुरावा, आणि याला तर काठीही लागली नाही.

आमच्याबरोबर सत्तरी ओलांडलेली एक आजी आली होती. तिने आकाशाकडे पाहून सांगितले, हे तिकांडं, ते बाजलं, बाजल्याच्या मागं तीन चोर. पुस्तकी भाषेत मृगाचे तीन तारे आणि सप्तर्षी. पूर्वी घड्याळ नव्हते तेव्हा रानातल्या राखणीची पाळी तिकांडे कुठे आले त्यावर बदलायची आणि शुक्राची चांदणी उगवली की बायका जात्यावर बसायच्या, असे ती म्हणाली. राबणाऱ्या माणसाचे घड्याळ आकाशातच होते. पोरांनी तिचे बोलणे वहीत उतरवून घेतले. वेधाच्या वहीत अशा नोंदींनाही जागा हवी, असे माझे मत आहे.

निलंग्याच्या लोकांचे आकाशाशी आणखी एक नाते आहे, दुःखाचे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी भागात भूकंप झाला. मी तेव्हा सातवीत होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, पौर्णिमा जवळ, चंद्र पश्चिमेला कललेला. हजारो माणसे दगडमातीच्या माळवदाखाली गेली. त्यानंतर कित्येक आठवडे औसा, निलंगा, उमरगा या भागातले लोक उघड्यावर झोपत होते, घरात जायचा धीर होत नव्हता. रोज नवी अफवा. अमुक ग्रह तमुक राशीत आला आहे, अमक्या तारखेला पुन्हा होणार. आम्ही मुले चांदण्यांकडे बघत झोपायचो आणि त्यांचीच भीती वाटायची. डोक्यावर एवढे आकाश होते, पण त्यातले काय काय आहे, ते कसे मोजायचे, हे सांगणारे तिथे कोणी नव्हते.

म्हणून त्या रात्री आम्ही मुद्दाम मुक्काम केला. २१ मार्चच्या पहाटे पाचच्या पुढे विहाराच्या गच्चीवर सगळ्यांना उठवले. पूर्वेला शुक्र झगझगत होता. शुक्राच्या जवळच तांबूस मंगळ, आणि मंगळाच्या खाली, क्षितिजाच्या बाजूला, शनी. मंगळ आणि शनी यांच्यात बरोबर एक मूठ अंतर. एक मुलगी हळूच म्हणाली, "हेच का ते दोघं?"

तिचा प्रश्न मला कळला. तिच्या ताईचे स्थळ पत्रिकेतल्या मंगळावरून मोडले होते. वाचक बंधू-भगिनींनो, आपण पत्रिका मानत नाही असे सभेत सांगतो. घरी मात्र काही जण मागच्या दाराने पत्रिका दाखवून येतात, हे मी पाहिले आहे आणि तुम्हीही पाहिले असेल. मी तिला व्याख्यान दिले नाही. एवढेच सांगितले की पंधरा दिवस रोज पहाटे उठा आणि या दोघांमधले अंतर मुठीने, मग बोटांनी मोजून वहीत लिहा. अकरांपैकी सहा जणींनी ते केले. मुठीचे अंतर तीन बोटांवर आले, मग करंगळीवर, आणि ५ एप्रिलच्या पहाटे मंगळ शनीला इतका खेटला की दोघांमध्ये चंद्राच्या रुंदीएवढीही जागा उरली नाही. मग तो पुढे निघून गेला. पंचांगवाले ज्याला शनि-मंगळाची युती म्हणून भीती घालतात ती या मुलींनी मोजून काढली होती, तारीखवार.

ज्योतिषाचीही अशी मोजदाद झालेली आहे. २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी एक चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. सहभागी एक्कावन्न ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका पाठवून विचारले, यातली हुशार मुलाची कोणती? सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे प्रमाण आले ४६ टक्के. नाणे उडवून उत्तर दिले तरी पन्नास टक्के येते. ही चाचणी समजायला भौतिकशास्त्र लागत नाही, वाणिज्य शाखेत शिकवतात ते संख्याशास्त्र पुरते. नारळीकर २०२५ साली गेले. त्यांची ही चाचणी कॉलेजच्या वर्गात पोरांकडून पुन्हा करून घेण्यासारखी आहे.

त्या रविवारनंतर मी दोन-तीन ठिकाणी जाऊन विचारले की कला-वाणिज्याच्या मुलांसाठी असा वर्ग कॉलेजात घेता येईल का. एका ठिकाणी उत्तर मिळाले, आमच्याकडे दुर्बीण नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, या मुलांना झेपणार नाही. पहिल्या उत्तराला मी १८५ रुपयांचा हिशेब दाखवला. दुसऱ्याला काय दाखवणार?

पण आता एक दार उघडले आहे आणि ते पालकांना ठाऊक असावे म्हणून मुद्दाम लिहितो. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमात खुला ऐच्छिक विषय आला आहे आणि तो आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो. स्वायत्त कॉलेजांत तो आधी आला, इतर कॉलेजांत २०२४-२५ पासून. म्हणजे बी.ए., बी.कॉम.च्या मुलाला विज्ञानाकडचा एखादा विषय मिळू शकतो. कोणता विषय ठेवायचा हे कॉलेज आणि विद्यापीठ ठरवते. आपल्या भागातले विद्यापीठ म्हणजे नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. मुलांनी आणि पालकांनी प्राचार्यांकडे लेखी मागणी करावी की आकाशनिरीक्षणाचा प्रात्यक्षिकासह विषय ठेवा. अर्जावर सह्या जितक्या जास्त तितके चांगले, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नये. याच विद्यापीठाच्या भागात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया प्रयोगशाळा व्हायची आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. तिथे शास्त्रज्ञ लागतील तसे हिशेबनीस, भांडारपाल, कचेरीतली माणसेही लागतील. ती माणसे आपल्या कामाच्या जागी काय चालते हे समजणारी असावीत, असे मला एक कारकून म्हणून वाटते.

वेळापत्रकाचा विचार मी केला आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढग, त्या सत्रात दिवसाचे काम आणि हिशेब घ्यावेत. डिसेंबर ते एप्रिल आकाश स्वच्छ, तेव्हा रात्रीचे काम. पंधरा दिवस रोज चंद्र कुठे आहे ते नोंदवणे, महिनाभर सूर्यास्ताची जागा समोरच्या झाडा-टाकीच्या खुणेवर टिपणे, साधी द्विनेत्री दुर्बीण मिळाली तर गुरूचे चार चंद्र रोज काढून ठेवणे. १६१० साली गॅलिलिओने तेच केले होते. मुलींच्या रात्रीच्या कामासाठी घरच्यांची सोबत आणि एक बाई शिक्षिका हवीच. त्याशिवाय आपले पालक पाठवणार नाहीत आणि पाठवूही नये.

१२ मे २०२५ ला बुद्धपौर्णिमा होती. योगायोगाने निलंग्यात सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचा दिवसही तोच. वंदना आणि खीरदान झाल्यावर लहानमोठी पन्नासेक माणसे अंगणातल्या झेंड्याच्या खांबाभोवती जमली. ढग येऊन-जाऊन होते. १२ वाजून १९ मिनिटांनी ऊन पडले आणि खांबाची सावली खांबाच्या बुडाशी गेली. या वेळी समजावून सांगायला मी पुढे झालो नाही. भाची आता बी.ए. होऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करते, तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी सगळे सांगितले. एका लहान पोराने स्टीलचा पेला पालथा घालून त्याची सावली शोधली.

हा दिवस दरवर्षी येतो, फक्त गावोगावी तारीख वेगळी. सोलापूरला १० मे, निलंग्याला १२ मे, लातूर आणि उदगीरला १३ मे, नांदेडला १६ मेच्या सुमारास. वेळ लातूरला १२ वाजून २० मिनिटांच्या आसपास, नांदेडला १२ वाजून १७. जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या आरंभी तो पुन्हा येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात. खांब किंवा काठी ओळंब्याने सरळ करून घ्यावी, दहा मिनिटे आधीपासून सावलीच्या टोकावर खुणा कराव्यात, आणि मेचे ऊन आहे तेव्हा लहान मुलांच्या डोक्यावर कापड व जवळ पाण्याची घागर ठेवावी.